शेणात उगवलेली मारवेल

हट्ट हा आमच्या घराण्याचा आजार आहे. वडील सरकारी पागेत होते. गवत घेताना ते गवतवाल्याशी घासाघीस करत नसत. दोन भारे घोड्यापुढे टाकायचे आणि घोडा ज्याला तोंड लावील तो घ्यायचा. घोड्याला लाच चालत नाही, असं म्हणायचे. मी चार बुकं शिकून सयाजीराव महाराजांच्या राज्यात बडोद्याच्या एका कचेरीत कारकून झालो, पण गाठ पडली ती गवताशीच.

नंदेसरीच्या वाटेवर, मही नदीच्या घळींजवळ मोठं माळरान होतं. पाऊस बेताचा, माती कोरडी. तिथे एक रबारी म्हातारी मुला-सुनांसह गाई चारायची. तिला सगळे माजी म्हणत. आमचे साहेब विलायतेत शेतकी शिकून आलेले. त्यांचं मत असं की, रबाऱ्यांच्या ढोरांनी मारवेल, म्हणजे चाऱ्याचं उत्तम गवत, खाऊन संपवली आणि कुसळ तेवढं उरलं. तेव्हा पुढच्या दसऱ्यापासून रान बंद करून सरकारी घोड्यांसाठी राखायचं. मी पाहणी करून तसा रिपोर्ट लिहायचा होता. पाहणीच्या आधीच तो कसा असावा हे ठरलं होतं.

रान बंद झालं तर माजीला गाई विकाव्या लागणार होत्या. ती रडली असती तर मी कदाचित हळहळून रिपोर्ट लिहून मोकळा झालो असतो. पण ती रडली नाही. तिनं मला दिवसभर गाईंमागे हिंडवलं. मारवेलीचे तुरे पिकले होते. गाई पोटभर चरल्या की माजी त्यांना हाकत उजाड पट्ट्यावर नेऊन बसवायची. तिथे काडीही नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "भाई, ढोर जे खाय, ए ज वावे." ढोर खातं तेच पेरतं.

हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, शेणातून गवत उगवतं तर आमच्या घरच्या सारवलेल्या जमिनीवर कुरण व्हायला हवं होतं. सगळी कचेरी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेंडी तुटो की पारंबी तुटो, हे शेण मी उगवून दाखवणार, असं ठरवूनच घरी गेलो.

त्या हिवाळ्यात उजाड पट्ट्यावरचं शेण गोळा करून वाळवलं. ज्येष्ठात सात कुंड्या आणल्या. मातीत आधीचं बी नको म्हणून ती कढईत खरपूस भाजली. ती कढई पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही आणि बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सहा कुंड्यांत शेण कुस्करून घातलं, सातवीत नुसती माती. पण पहिला हिरवा कोंब दिसला तो बायकोलाच. तेव्हापासून चिमण्या हाकायला तीच बसू लागली. भाद्रपद सरता सरता सहाही कुंड्यांत तुरे डोलत होते. सातवी रिकामीच राहिली.

दसऱ्याच्या आधी मी कुंड्या हातगाडीवर घालून कचेरीत नेल्या. साहेबांनी पाहिल्या आणि हे कसलंतरी तण असेल म्हणाले. त्यांचा घोडा अंगणात खुंट्याला बांधलेला होता, पुढ्यात दुसऱ्या एका राखीव रानातला भारा होता. मला वडील आठवले.

"साहेब, आपल्या घोड्यालाच विचारू या," मी म्हणालो.

कुंड्या पुढे ठेवल्या. घोड्यानं भारा सोडला आणि कुंडीत तोंड घातलं. मी आवरीपर्यंत त्यानं चार कुंड्या तुऱ्यांसकट फस्त केल्या. साहेब म्हणाले, रान एक वर्ष उघडं राहील, पुढचं पुढे पाहू.

एकच वर्ष! मी हिरमुसून माजीला सांगायला गेलो. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, की घोड्यानं तुरेही खाल्ले का. हो म्हटल्यावर ती गालात हसली आणि गाईंकडे वळली. मला तेव्हा काही उमगलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात शिपाई विळा घेऊन कचेरीचं अंगण साफ करत होता. खुंट्याभोवती, झाडूतून सुटलेली लीद जिथे चिखलात तुडवली गेली होती, तिथे गवत माजलं होतं. साहेब जाता जाता थांबले. विलायती पाटलोणीची पर्वा न करता उकिडवे बसले आणि एक ताट मुळाशी धरून निरखू लागले. मारवेल होती. त्यांनी शिपायाच्या हातातून विळा काढून घेतला आणि आत येऊन माजीच्या रानाचे कागद सहीसाठी मागवले.

ते घेऊन मी केव्हाचा दारात उभा होतो.