अण्णांचं गाजराचं बी

कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. आता काय सांगू तुम्हाला, मी जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. पाकिटांवर उगवणशक्तीची लेबलं लावून घ्यायचं काम माझ्याकडं. तीच मी, माझ्या या दोन हातांनी, गाजराची काय वाट लावली ते ऐका.

माझे वडील, अण्णा, आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीला असतात. जन्मभर भाजीपाला केलेला माणूस. त्यांचा एक नियम आहे. कन्यादान केलं, आता लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. माझ्याकडं येतात, पण भाकरी फडक्यात बांधून आणतात आणि माझ्याच स्वयंपाकघरात बसून खातात. आई होती तोवर मी फार मनावर घेतलं नाही. ती गेली आणि भाकरी अण्णा स्वतःच थापायला लागले. एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची. समोर बसून ते बघताना माझं ताट तसंच राहायचं. एकदा, फक्त एकदा मला त्यांना गरम ताट वाढायचं होतं.

दसऱ्याला आष्टीला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "अण्णा, तुमच्या घरच्या बियाची गाजरं मी गच्चीवर लावली तर? ती तुमचीच झाली की."

अण्णांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "बी माझं असंल तर खाईन. पर उगवून दाव."

मी निघताना त्यांनी कागदाच्या पुडीत बी दिलं आणि सोबत सूचना. "नखाएवढंच खोल टाक. वरून ओलं गोणपाट. ते सुकू द्यायचं न्हाई. कोंब दिसला का गोणपाट जल्दी काढायचं. आन् उकरून पाहू नको. गाजर येळ लावतंय."

"अण्णा, मी बियाच्या कंपनीत हाय," मी म्हटलं. बघा, काय तो तोरा.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधली माती आणून अर्धा कापलेला ड्रम भरला. आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यानं, तरी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं पाणी वर जायचं. नवरा म्हणाला, "अगं, मला अंघोळीला एक बादली आन् गाजराला दोन?" पाचव्या दिवशी मी उकरून पाहिलं. सातव्या दिवशी परत पाहिलं. खरं सांगा, तुम्ही नसतं उकरलं?

बाराव्या दिवशी गोणपाट उचललं, तर सगळीकडं सुयांसारखं बारीक हिरवं. मेलं गवत! शेतकऱ्याची लेक मी, मला तण ओळखू येणार नाही होय? चष्मा लावून एकेक काडी उपटली. आठवडाभर ऑफिसच्या आधी रोज हाच उद्योग. मग गोल पानांची गुबगुबीत रोपं वर आली, त्यांना पुढं कातरलेली पानं फुटली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

अण्णांकडं बटणाचा फोन, फोटो पाठवायची सोय नाही. मी तोंडीच वर्णन केलं.

"अण्णा, पानं कातरल्यावानी हायत."

"मंग गाजरच."

"लई जोमात हायत."

"तुझी आई असती तर खूश झाली असती," ते म्हणाले. एवढं बोलणारा माणूस नाही हो तो. मी फोन ठेवून गच्चीवर गेले आणि त्या रोपांना अजून एक तांब्या घातला.

रोपं गुडघ्याएवढी झाली. वर पांढरी फुलंही आली. मला वाटलं, गाजर तयार झाल्याची खूण. भोगीच्या भाजीला गाजर लागतंच, म्हणून मी अण्णांना भोगीला बोलावलं. वाटेत वाटूरला गाडी बदलून अण्णा आले. हातात भाकरीचं फडकं होतंच. "असावी म्हनलं," म्हणाले. मी त्यांना थेट गच्चीवर नेलं.

ड्रमापाशी वाकून ते पानं निरखतच राहिले. मला वाटलं, भरून आलं.

"बाई, हे कवापासून पाळून राह्यलीस?"

"पेरलं तवापासून."

"हे गाजर न्हाई. गाजरगवत हाय."

एक उपटून दाखवलं. खाली सुतळीएवढी पांढरी मुळी.

"सुरवातीला सुईवानी बारीक पानं आल्ती का?"

"आल्ती. गवत म्हणून उपटून टाकली."

"समदी?"

"समदी. चष्मा लावून."

"तेच गाजर व्हतं, बाई."

म्हणजे अण्णांचं बी छान उगवलं होतं. मी तिथंच रडायला लागले. गाजरासाठी कोण रडतं? खाली वांगी, वाल, हरभरा, बोरं सगळं तयार होतं, ताट पुसून ठेवलं होतं, आणि अण्णा आता ते फडकं सोडून आपलीच भाकरी खाणार होते.

त्यांनी फडकं सोडलं नाही. खिशातून पुडी काढली. उरलेलं बी.

"पुन्हा पेरू. पंधरा दिस मी थांबतो हितं, राखणीला. राखणदाराला भाकर मालकानं घालायची असती. ते लेकीचं अन्न न्हाई, मजुरी हाय. चल, वाढ."

खाली येऊन अण्णा पाटावर बसले. बिनगाजराची भोगीची भाजी आणि तीळ लावलेली गरम भाकरी मी त्यांना वाढली. किती दिवस या एका ताटाची वाट पाहिली होती मी. डोळे पुसता पुसता विचारलं, "पर अण्णा, गच्चीवर राखायचं कशापासून? हितं ना ढोरं, ना डुकरं. पाखरूबी फिरकत न्हाई."

अण्णांनी भाकरी मोडली, भाजीत बुडवली आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्यापासून."