साडेपाच माणसांची कॅलिफोर्निया

ट्रिपचे किस्से ट्रिपहून परत आल्यावर सांगायचे असतात, हे मला मान्य आहे. पण आमचं विमान सुटायला अजून पाच आठवडे आहेत आणि किस्से आत्ताच इतके साठलेत, की बॅगेच्या तेवीस किलोंत ते काही बसणार नाहीत. शिवाय मी पडले काळजीखोर. विमान हललं आणि त्या धसक्याने सगळं विसरले तर? म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

माणसं पाचच. मी मुग्धा, इंग्लंडात कॉव्हेंट्रीत एका विमा कंपनीत आकडे बघते. टोस्टरमधून ब्रेड वर आला की दचकते. रोज. टोस्टर तोच, ब्रेड तोच, दचकणारी मीच. माझा नवरा सौरभ. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, त्यामुळे आमच्या घरात गुपितं टिकत नाहीत. प्राजक्ता माझी पुण्याच्या कॉलेजपासूनची मैत्रीण, आता प्रोजेक्ट मॅनेजर. तिचा नवरा नील, जन्म आणि वाढ लेस्टरची. आणि नीलची आई, म्हणजे आमच्या शुभदाकाकू. पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत सिस्टर होत्या, त्यातली बरीचशी बाळंतपणाच्या वॉर्डात. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या आणि तेव्हापासून त्यांना कोणी काही धाडसाचं करायला नेत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

प्राजक्ताने कॅलिफोर्निया काढली आणि काकूंनी सगळ्यात आधी हात वर केला.

*

प्राजक्ता ट्रिप ठरवत नाही, राबवते. दुसऱ्याच दिवशी तिची ऑनलाइन शीट आली, सगळ्यांना भरता येईल अशी. लॉस एंजेलिसचे पाच दिवस, त्यातले तीन थीम पार्कचे, मग सॅन फ्रान्सिस्को. प्रत्येक दिवसाला एक रंग. कुठे उभं राहायचं, कुठे खायचं, कुठे जायच्या आधी बाथरूमला जाऊन यायचं, सगळं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक फिकट गुलाबी चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, 'उत्स्फूर्त मजा, ४५ मिनिटं'.

सौरभने विचारलं, "म्हणजे नक्की काय करायचं?"

"ते पुढच्या मीटिंगमध्ये सांगते," प्राजक्ता म्हणाली.

*

नीलला मराठी समजतं सगळं. बोलायला गेला की लिंगापाशी अडकतो. त्यामुळे कुठलाही शब्द वापरायच्या आधी तो आईला विचारून घेतो. "तो का ती?"

एकदा गाडीत चाललं होतं.

"आई, ट्रेन तो का ती?"

"ती."

"आणि डबा?"

"तो."

"पण डबा ट्रेनच्या आत असते ना? मग?"

काकूंनी पस्तीस वर्षं डॉक्टरांना उत्तरं दिलीत. इथे त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

याच नीलने सुचवलं होतं, की सॅन फ्रान्सिस्कोला वेगळे दिवस कशाला, सकाळी गाडी काढायची, लाल पूल बघायचा आणि संध्याकाळी पार्कातल्या आतषबाजीला परत यायचं. नकाशात दीड इंच तर आहे. सौरभने त्याला सांगितलं, की एका बाजूचेच सहा-सात तास होतात. कॉव्हेंट्रीतून तेवढा वेळ उत्तरेला गेलास तर स्कॉटलंडही अर्धं संपेल.

"एका राज्यात? How?" नील मनापासून हादरला.

काकूंची शंका वेगळीच होती. तो पूल म्हणे निम्मा वेळ धुक्यात असतो. "धुकं बघायला एवढ्या लांब जायचं? मग इथला नोव्हेंबर कुणासाठी ठेवलाय?"

*

थीम पार्कच्या राईड्सना काकू पाळणा म्हणतात. जत्रेतला पाळणा तसा हा, जरा महागातला. इंग्रजी नावं त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून शीटमधला तो भाग त्यांनी स्वतः भरला, फोनशी मोठ्याने बोलून बोलून. उलटा पाळणा. अंधारातला पाळणा. बुडवणारा पाळणा. दरीत टाकणारा पाळणा. प्रत्येकाचा एक कॉलम, त्याखाली आम्हा पाच जणांनी 'हो' किंवा 'नाही' लिहायचं.

काकूंनी सगळीकडे 'हो' लिहिलं. दरीच्या पाळण्याला 'हो हो'.

मी त्या आठवड्यात प्रत्येक राईडच्या सूचना वाचून काढल्या. मी त्या नेहमीच वाचते. पाठदुखी, मानदुखी, हृदयविकार, यातलं आपल्याला काय काय असू शकेल याचा विचार करत बसते. या वेळी मात्र त्यातली एक ओळ खरोखरच माझ्यासाठी होती. गरोदर स्त्रियांनी बसू नये. कारण आदल्याच सकाळी मी बाथरूममध्ये दोन रेघा बघितल्या होत्या, आणि दचकून ती काडी बेसिनमध्ये पाडली होती.

गेल्या वर्षी अशाच दोन रेघा आल्या, तेव्हा आम्ही त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. मग सहा आठवड्यांनी सगळ्यांना परत एकदा सांगावं लागलं. पहिल्या वेळी फोनवर जी माणसं ओरडली होती, ती दुसऱ्या वेळी काय बोलायचं ते शोधत होती. ते शोधणं मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. म्हणून या वेळी बारा आठवड्यांचं स्कॅन होईपर्यंत कोणालाही नाही. आईला नाही, प्राजक्ताला नाही. सौरभला मी टोपी घेऊन दिली, कान झाकतील अशी. जून महिन्यात.

आणि शीटमध्ये माझ्या नावापुढे सगळीकडे 'नाही' लिहिलं. कोणाला काही वाटलं नाही. माझा भित्रेपणा आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला.

*

जुलैच्या सुरुवातीला मराठी मंडळाची पॉटलक होती, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. हॉलमध्ये चाळीसएक माणसं. मी काकडीच्या कोशिंबिरीचं पातेलं घेऊन टेबलाकडे निघाले होते. प्राजक्ताने नीलला सांगितलं होतं, की मुग्धा-सौरभचा पाळण्यांचा निर्णय बदलतोय का ते विचार, तिकिटं काढायचीत. हॉलच्या दुसऱ्या टोकाहून नीलने हाक मारली.

"मुग्धा, तुझी पाळणा कधी? शुक्रवारच्या आधी सांग!"

चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. मग सौरभकडे. सौरभ टोपी घरी विसरला होता.

माझ्या हातातलं पातेलं गेलं. सगळी कोशिंबीर काकूंच्या साडीवर.

"अहो, राईड, राईड! तो राईडबद्दल विचारतोय!" प्राजक्ता सगळ्यांना सांगत सुटली. एक मावशी म्हणाल्या, "हो का? आम्हाला वाटलं, पोरगा भलताच धीट निघाला." मग हशा झाला आणि त्या गडबडीत नीलचं व्याकरण दुरुस्त करायचं राहून गेलं.

मी टिश्यूने काकूंची साडी पुसत होते, सॉरी सॉरी म्हणत होते. काकू साडीकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "वाकू नकोस."

*

नंतरच्या रविवारी नीलने माझी भीती घालवायची योजना आणली. काकूंच्या फ्रंट रूममधला सोफा, समोर मोठा टीव्ही, त्यावर उलट्या पाळण्याचा व्हिडिओ. तोंडावर वारा यावा म्हणून हेअर ड्रायर. नील मागे उभा राहून सोफा उचलणार, खाली आपटणार.

मी सोफ्यावर बसले. आता नाही कसं म्हणायचं? कारण काय सांगायचं? सौरभ ड्रायर धरून उभा होता आणि त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा होता. नीलने मागून सोफ्याला हात घातला.

"ए, थांब," काकू स्वयंपाकघरातून आल्या. "मुग्धा, ऊठ तू. आधी मी."

काकू बसल्या. नीलने सोफा उचलला. सौरभने ड्रायर सोडला. पाळणा वर चढला, क्षणभर थांबला आणि कोसळला. काकूंनी अशी किंकाळी फोडली, की शेजारचे मिस्टर हॅरी दार वाजवत आले. त्यांना दिसलं ते असं : सत्तरीकडे झुकलेली बाई तिरक्या सोफ्यावर केस उडवत बसलीय, मुलगा सोफा उलथतोय आणि एक टोपीवाला इसम तिच्यावर ड्रायर रोखून उभा आहे.

"शुभा, are you all right, love?"

"हॅरी," काकू धापा टाकत म्हणाल्या, "there is a queue."

त्या दिवशी काकू सात वेळा बसल्या. हॅरी दोनदा. माझी पाळी आलीच नाही.

*

बाकी तिघांचे पासपोर्ट ब्रिटिश. त्यांनी ऑनलाइन फॉर्म भरला आणि झालं. आम्ही दोघं भारतीय, म्हणजे लंडनला जाऊन अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत. मी ट्रेनमध्ये संभाव्य प्रश्नांची उत्तरं पाठ केली. प्राजक्ताने शीटची चौदा रंगीत पानं छापून दिली होती.

आमचे बोटांचे ठसे घेतले. खरं तेच बोलेन असं वदवून घेतलं. खिडकीमागच्या माणसाने पानं चाळली आणि तो गुलाबी चौकोनाशी थांबला.

"What is 'spontaneous fun, forty-five minutes'?"

"We don't know yet, sir," सौरभ म्हणाला. कान पांढरे. खरं बोलत होता.

"And it's just the five of you?"

पाठ केलेलं उत्तर 'येस' होतं. पण शेजारच्या खिडकीत कोणीतरी धाडकन शिक्का मारला आणि मी दचकले.

"Five and a half," मी म्हणाले.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मी पोटावर हात ठेवला. त्याने हळू आवाजात विचारलं, कधी? फेब्रुवारी. आणि परत कधी येणार? सप्टेंबरमध्येच, पान चौदा, हिरवा रंग. त्याने पान चौदा उघडून खात्री केली. मग काहीतरी टाइप केलं, व्हिसा मंजूर म्हणाला आणि खिडकीला तोंड लावून पुटपुटला, "Stick to the carousel, ma'am."

बाहेर फुटपाथवर आल्यावर सौरभ माझ्याकडे वळला.

"मुग्धा, पुण्यात आईंना अजून सांगितलेलं नाहीये."

"हो."

"आणि अमेरिकन सरकारला सांगितलंस."

"त्यांनी खरं बोलायला लावलं होतं."

*

गेल्या सोमवारी स्कॅन झालं. त्या खोलीत जायच्या आधी मी वेटिंग रूममधली सगळी पत्रकं वाचली, पार्किंगचं सुद्धा. पोटावरच्या गार जेलने मी दचकले. मग यंत्राच्या आवाजाने. स्कॅन करणारी बाई नुसती पडद्याकडे बघत होती आणि सौरभने माझी बोटं इतकी दाबली होती, की ती माझीच आहेत का ते कळेना.

मग तिने पडदा आमच्याकडे वळवला.

"Very bouncy," ती म्हणाली. "I can't get this one to stay still."

तिथे आत एक जण उड्या मारत होतं. वर, खाली, उलटं, परत वर. अजिबात न घाबरता.

पार्किंगमध्येच पुण्याला फोन केला. आई रडली, मी रडले, सौरभने डोक्यावरून टोपी काढली आणि गाडीच्या मागच्या सीटवर फेकली. मग उरले हे तिघं. फोन करायचा तर कोणाला आधी? म्हटलं, शीटमध्येच लिहूया. प्राजक्ता दर तासाला शीट बघते.

पाळण्यांचं पान उघडलं. माझी ओळ शोधली, नाही, नाही, नाही, नाही. शेवटच्या 'नाही'पुढे नवा कॉलम घालायला गेले, तर कॉलमांवरची इंग्रजी अक्षरं ओळीने नव्हती. ई होता, त्यानंतर थेट जी. मधला एफ गायब. आता, प्राजक्ता एकवेळ विमान चुकवेल, पण अक्षर चुकवणार नाही. कोणीतरी कॉलम लपवला होता. मी तो उघडला.

वर शीर्षक होतं, नुसतं 'पाळणा'. उलटा नाही, अंधारातला नाही.

प्राजक्ताच्या नावापुढे : 'हो. सुट्टी टाकून ठेवलीय.' काकूंच्या नावापुढे : 'मी हलवणार.' नीलच्या नावापुढे : 'हो'. सौरभची जागा रिकामी. माझ्या नावापुढेही कोणीतरी 'हो' लिहून ठेवलं होतं.

शीर्षकावर एक कॉमेंट होती. तारीख पॉटलकच्या दिवशीची, संध्याकाळची. नीलने विचारलं होतं, "आई, तो का ती?"

खाली काकूंचं उत्तर होतं.

"फेब्रुवारीत कळेल."