शोभाची लाटी

“लाटणी? या वॉर्डात? कोणाचं डोकं फोडून घ्यायचंय?” मेट्रनबाई दारातूनच ओरडल्या.

मी पोळपाट छातीशी धरून उभी. धुळ्याच्या एका दवाखान्यात मनाच्या आजाराच्या बायकांचा वॉर्ड होता, तिथे मी आया होते. मोठ्यांपुढे माझं तोंड उघडत नसे. उत्तर नव्या सिस्टरांनी दिलं. त्यांचं म्हणणं, गोळीने भास थांबतात, पण बाई पुन्हा उभी राहते ती आपल्या मनाने, आपल्या कामाने. त्या प्रत्येकीला विचारायच्या, “तुला काय करायचंय?” त्याआधी वॉर्डात हे कोणी विचारत नव्हतं. ऊठ, गीळ, झोप, एवढंच.

शिंदखेड्याकडची शोभा म्हणाली होती, “पापड.”

शेवटी मेट्रनबाई “जबाबदारी तुमची” म्हणून निघून गेल्या. शोभाने उडदाचं पीठ कुटवून घेतलं, दोऱ्याने लाट्या कापल्या. कधीकाळी आम्ही तिला खाटेला बांधलं होतं. आता ती मलाच ओरडत होती, “अक्का, कड जाड रायनी. परत लाट.”

डिस्चार्जला शोभाचा नवरा आला, तेव्हाही पापड चालूच होते. डिस्चार्ज म्हणजे पेशंट नातेवाइकाच्या ताब्यात देणं. ताब्यात! जशी हरवलेली सायकल.

शोभाने तेलात बुडवलेली लाटी त्याच्यापुढे ठेवली. आमच्याकडे पापडाच्या दिवशी दारात आलेल्याला लाटी देतात, आणि ती कोणी नाकारत नाही. त्याने बोटाने ताटली सरकवली.

“हिना हातनं आमना घरमा कोनी खावाव नही. चूल मनी माय देखस. हिनी कोपरामा बसानं, गोळी खावानी.”

“ती बरी झालीय, भाऊ,” सिस्टर म्हणाल्या.

“बरी व्हयनी ते काय व्हयनं? बठ्ठा गावले माहीत शे, हाई येडी शे.”

माझी कानशिलं तापली. मी पुढे झाले, ती लाटी उचलली आणि त्याच्याकडे बघत खाल्ली.

शोभा शांतपणे म्हणाली, “मी यानासंगे जावाव नही. मना मायकडे जासू.”

“नवऱ्याला नाही म्हणतेय! म्हणजे बरी नाहीच,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आयाबाई, हिला खाटेवर न्या. डिस्चार्ज रद्द.”

मी हलले नाही.

“कुठे जायचं ते ती ठरवेल,” सिस्टर म्हणाल्या आणि सरळ डॉक्टरांकडे गेल्या. बराच वेळ आवाज येत होता. डॉक्टरांनी नवऱ्याला परत पाठवलं आणि दोंडाईच्याला शोभाच्या आईकडे निरोप धाडला.

आई दोन दिवसांनी आली. शोभाने तिच्यापुढेही लाटी ठेवली. म्हातारीने खाल्ली, दुसरी मागितली आणि म्हणाली, “मीठ कमी शे.”

“तुनंच तोंड खराब शे,” शोभा म्हणाली. दोघी भांडतच एसटी स्टँडकडे गेल्या.

पुढे कित्येक वर्षं त्या वॉर्डात काढली. बाई बरी झाल्याची खूण मला एकच सापडली. ती ‘नाही’ म्हणायला लागते. आणि नेमकं त्यालाच ही शहाणी माणसं वेड म्हणतात.