‘येतो’ नावाचं बटण

मंडळी, भुतंखेतं, करणी असलं मी जन्मात मानलं नाय. भगताच्या दारात कधी पाऊल टाकलं नाय. आताही मानत नाय... पण हे मनात ठेवून जीव घुसमटतो, म्हणून लिहिते.

आम्ही पेणचे, खाडीकाठचे. आमचे हे उघाडीवर राखणदार होते – उघाडी म्हणजे खारबांधाचा दरवाजा, भरतीला बंद, ओहोटीला खुला. मुलगा दिनेश रोह्याला सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याने राखणदारांसाठी हजेरीचं ॲप केलं. दोन बटणं – ‘आलो’ आणि ‘गेलो’. ॲप अडलं तर माणसाने काही लिहायला नको, ते आपोआप दिनेशच्या कंप्युटरवर तक्रार धाडतं. कुणाचा फोन, काय दाबलं, काय बिघडलं... सगळं.

पहिल्याच दिवशी ह्यांनी चष्मा वर केला. “गेलो? अरे शहाण्या, मेलेल्याला गेला म्हणतात. ‘येतो’ लिव.”

“बाबा, ॲपला काय कळतंय त्यातलं?”

“ॲपला नाय, तुझ्या आईला कळतंय! विचार तिला, मी कधी ‘जातो’ म्हटलंय काय?”

“करतो हो बदल,” दिनेश हसला. ते राहूनच गेलं.

गेल्या पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला. हे उघाडीवरच होते. गावच्या होड्या खाडीभर फिरल्या... चप्पलसुद्धा गावली नाय. धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकू.”

“थांबा हो भावजी,” मी म्हटलं, “येतो म्हणून निघालेत.”

पण किती थांबवणार? केली क्रिया. तेरावं उरकून दिनेश रोह्याला परतला, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन.

“आई, बाबांच्या फोनवरून तक्रार आलेय.”

“काय लिवलंय?”

“‘येतो’ दाबलं. असं बटण नाही.”

मी उठून आधी दार उघडलं. अंगणात कुणी नाय.

“आधीची कुठं अडकलेली असेल रे.”

“आधीची कशी, आई? ते बटण मी कधी केलंच नव्हतं. नसलेलं बटण दाबणार कोण?”

त्याच दिवशी त्याने ‘गेलो’ काढून ‘येतो’ घातलं. आता सगळ्या राखणदारांच्या फोनवर ते हाय. ह्यांच्या फोनवर पोचवायचं कसं? फोन खाडीच्या तळाशी, सिमही कधीचं बंद केलेलं. दिनेशचे मित्र म्हणतात, सर्व्हरचा घोळ. असेल बाबा. पण घोळ कुठला, ते त्यांनाही अजून सापडलेलं नाय.

उधाणाच्या दिवसांत दिनेश स्वतःहून फोन करत नाय. मीच करते.

“आली काय रे तक्रार?”

“आली.”

“काय म्हणतायत?”

“तेच, आई. ‘येतो’... असं बटण नाही.”