सोनुबाईंचा मुकादम

सोनुबाईंचं अख्खं तरुणपण निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत खोकण्यात गेलं. आता त्या बेळगावात लेकीकडं, पारमिताकडं राहतात आणि दिवसभर स्वयंपाकघरात लुडबुड करतात. पारमिता इंजिनिअर. ऑफिसातून आली की टीव्हीला गेम जोडते आणि तासभर मारामारी करते. एवढी शिकलेली पोर हाणामारीत काय सुख शोधते, हे सोनुबाईंना कोडंच होतं.

एका रविवारी लेकीनं त्यांनाच समोर बसवलं. "आई, ह्यात माणसं आपणच घडवायची. नाक, डोळे, उंची, सगळं. मग त्यांची गोष्ट सुरू होती आणि झुंज लागती."

सोनुबाईंनी आधी स्वतःला घडवलं, आणि त्यात काही हात राखला नाही. कंबर ताठ, दंड भरदार, डोळे टपोरे.

"एवढी देखणी होतीस व्हय गं?" पारमितानं चिडवलं.

"तुजा बा असता तर त्यानं सांगितलं असतं!"

"बरं. आता दुश्मन कोण?"

"परशराम मुकादम," उत्तर तयारच होतं.

हा माणूस वखारीच्या दारात दिसला की बायांनी हातातलं काम टाकून उठायचं, डोक्यावर पदर घ्यायचा. ओली बाळंतीण असताना सोनुबाईंना उठायला जरा उशीर झाला, तर त्यानं त्यांना दिवसभर उभं ठेवलं होतं. तो मेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

त्यांनी मन लावून सांगितलं. मिशा खाली वळलेल्या, मान आखूड, डावा डोळा जरा बारीक. पारमिता बटणं दाबत गेली. गोष्ट सुरू झाली. पडद्यावरचं दार उघडून मुकादम आत आला, आणि सोनुबाई सोफ्यावरून ताडकन उठल्या. डोक्यावर पदरसुद्धा आला.

पारमिता हसली, पण आईचा चेहरा बघून तिनं खेळ थांबवला. "आई, खेळ हाय गं. बंद करू?"

सोनुबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राग आला, मुकादमाचा नव्हे, स्वतःच्या गुडघ्यांचा.

"बंद नगं. पयल्यापासनं लाव."

त्यांनी पदर खांद्यावर टाकला, सोफ्यावर चांगली मांडी ठोकली. दार उघडलं. मुकादम आला. सोनुबाईंच्या पायात कळ आली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. बटणं मात्र काही जमली नाहीत. पडद्यावरची देखणी सोनुबाई दोन फटक्यांत आडवी झाली.

"हरलीस की गं आई."

"हरू दे," सोनुबाई म्हणाल्या. "बूड तर हाललं न्हाय माजं!"