कडेचं दिसेनासं झालं तेव्हा

मला गर्व आलाय असं आमच्या गावात, हट्ट्यात, बोललं जात होतं, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. सांगितलं आमच्या मिस्टरांनीच. जेवताना ते म्हणाले, "काहून गं, आजकाल तू लोकाला बोलून नाही राहिली का? गल्लीच्या तोंडाशी बाया उभ्या होत्या म्हने, तू त्यांच्या अंगाला लागून गेली, पन बघितलं सुदिक न्हाई."

मला त्या बाया आठवतच नव्हत्या. घाईत असेन, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा जवळच्याच एका गावात आहे आणि मी स्कुटीवर जाते-येते. मिस्टर शेती बघतात. आमच्याकडं हळद असते, थोडा ऊस असतो. शेजारच्याच घरात मोठे दीर आणि जाऊबाई राहतात. घरं वेगळी, अंगण एकच. जाऊबाई शाळेत फारशा गेल्या नाहीत, पण हळद शिजवायच्या दिवसांत दोन्ही घरांची माणसं त्यांच्या शब्दावर चालतात. बोलायला फटकळ आणि मनाला लावून घेणाऱ्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना जरा बिचकूनच असते.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. घरापुढं मांडव होता. बायकांच्या ओट्या भरायच्या चालल्या होत्या. मी खुर्चीवर बसले होते आणि समोरून आमच्या शाळेतली एक शिक्षिका येताना दिसली, म्हणून उठून तिच्याकडं गेले. घडलं एवढंच. पण जाऊबाई त्या वेळी माझ्या डाव्या बाजूला नारळ आणि खण घेऊन, वाकून उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नव्हती, कारण त्या इतक्या जवळ होत्या की हाक मारायची गरजच नव्हती. सगळ्या बायकांदेखत मी त्यांच्या हातातली ओटी टाळून निघून गेले. निदान बघणाऱ्यांना तसंच दिसलं. मला मात्र तेव्हा यातलं काहीच कळलं नव्हतं.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. अंगण एक असल्यामुळं हे फार अवघड होतं. दोरीवरचे कपडे काढायला सांगायचं असलं तरी त्या मिस्टरांना हाक मारायच्या आणि मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "सांगा म्हनावं, आभाळ आलंय." मी एकदा विचारलंसुद्धा, "काय झालं, जाऊबाई?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आत निघून गेल्या.

वर्गातही काहीतरी चुकत होतं. कडेच्या बाकावरच्या मुली तक्रार करायच्या, "मॅडम, मी कधीची हात वर करून राहिले." फळ्याकडून वळताना टेबलाचा कोपरा मांडीला लागायचा. घरात दाराच्या चौकटीला खांदा घासायचा. डोकं दुखायचं, भुवयांच्या मागं, रोज. पाळी बंद झाली होती. लवकर झाली खरी, पण काहींची होते, असं सगळ्याच म्हणाल्या. डोळ्यांच्या दुकानात जाऊन नंबर तपासला, तर समोरची बारीक अक्षरंसुद्धा मी धडाधड वाचली. त्यांनी चष्म्याची नवी काच बसवून दिली. काही फरक पडला नाही.

एकदा शाळेतून येताना फाट्यावर एक टेम्पो एकदम माझ्या समोर उगवला. डावीकडच्या रस्त्यानं तो चांगला लांबून येत असणार, पण माझ्या दृष्टीनं तो जमिनीतून वर आला. मी स्कुटी शेतात घातली. लागलं काही नाही. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "बाई, एवढा हॉर्न वाजवून राहिलो, बघत न्हाई का तुमी?" मी म्हणाले, "बघत होते." आणि ते खरंच होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

नांदेडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आम्ही गेलो. तरुण होते, फार बोलत नव्हते. माझ्या समोर स्टूल ओढून बसले. "ताई, माझ्या नाकाकडं बघा. नजर हलवू नका. आता बोटं किती?"

"कुठली बोटं?" मी विचारलं.

मिस्टर माझ्या मागं बसले होते. ते नंतर म्हणाले की डॉक्टरांनी दोन्ही हात पसरून दोन्हीकडं बोटं धरली होती.

मग त्यांनी मला एका यंत्राच्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसवलं. आत उजेडाचे ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मला वाटलं, यंत्र बंद पडलंय. कागद बाहेर आला त्यावर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या होत्या. डोळे चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले, अडचण डोळ्यांच्या मागं आहे. एमआरआय काढला. मेंदूच्या तळाशी पीयूष ग्रंथी असते, तिथं गाठ होती. ग्रंथी वाटाण्याएवढी, गाठ लिंबाएवढी. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्या जागेला ती खालून दाबत होती. म्हणून समोरचं दिसायचं आणि कडेचं जायचं. पाळी जाण्याचं कारणही तीच.

मिस्टरांनी घरी आल्यावर ओसरीत बसून दिरांना हे सगळं सांगितलं. मी आत पडले होते. थोड्या वेळानं जाऊबाई आल्या. इतक्या महिन्यांनी माझ्या घरात आल्या होत्या. त्यांनी मला उठवून बसवलं आणि माझ्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"म्होरं बघ," त्या म्हणाल्या. "माझा हात दिसून राहिला का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"आता दिसला."

त्यांचा हात जवळजवळ माझ्या नाकासमोर आला होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग उजव्या बाजूला जाऊन पुन्हा तेच केलं. नंतर पलंगाच्या कडेला बसल्या.

"मंग त्या दिवशी मी तुला दिसलेच न्हाई," त्या म्हणाल्या.

"कोणत्या दिवशी?"

तेव्हा मला साखरपुड्याची हकिकत कळली. मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "उठ, चहा टाकते."

ऑपरेशन औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला झालं. गावात बातमी गेली होती की मेंदूचं ऑपरेशन आहे, म्हणून सगळे धरून चालले होते की डोकं भादरणार, कवटी उघडणार. माझी आई फोनवर एकच विचारायची, "केस काढनार का गं?" डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. नाकाच्या मागं, दोन डोळ्यांच्या मधे खोलवर, हाडातली एक रिकामी पोकळी असते. त्या पोकळीची मागची भिंत पातळ असते, आणि भिंतीच्या पलीकडं ही ग्रंथी. दोन्ही नाकपुड्यांमधून दुर्बीण आणि बारीक हत्यारं आत घालायची, भिंतीला खिडकी पाडायची आणि गाठ खरवडून, ओढून घ्यायची. नाकाचे डॉक्टर वाट करून देतात, मेंदूचे डॉक्टर गाठ काढतात, दोघं एकाच पडद्याकडं बघत काम करतात. शेवटी मांडीतली थोडी चरबी आणि नाकातलंच अस्तर लावून ती खिडकी बुजवायची.

"मांडीतली?" मिस्टरांनी विचारलं.

"हो. बाहेरून दिसणारा टाका तेवढाच असेल," डॉक्टर म्हणाले.

धोकेही त्यांनी सरळ सांगितले. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू शकतं. दोन्ही बाजूंनी मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. नजर परत येईलच असं नाही. फार दिवस दाब राहिला असेल तर येतही नाही. वास जाऊ शकतो, बहुतेकांचा काही महिन्यांनी परततो. मिस्टरांनी सही केली. नंतर ते जिन्यात जाऊन उभे राहिले होते, असं जाऊबाईंनी मला सांगितलं.

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते. माझ्या आईचे गुडघे चालत नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "मी जाते." हळदीची काढणी तोंडावर होती. दिरांनी तसं बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "हळद जमिनीत हाये, पळून जात न्हाई."

शुद्धीवर आले तेव्हा नाक गच्च भरलेलं होतं. दोन्हीकडं बोळे. तोंडानं श्वास घेऊन जीभ लाकडासारखी झाली होती. डोकं जड होतं, पण दुखणं मांडीचं जास्त होतं. कुणीतरी सारखं सांगत होतं, "नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. वाकायचं नाही. जोर करायचा नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. मी त्यांच्या नाकाकडं बघत होते. डावीकडं काहीतरी हललं.

"दोन," मी म्हणाले. "डावीकडं दोन बोटं."

उजवीकडचं तितकं स्पष्ट नव्हतं, पण तिथंही काळोख नव्हता. डॉक्टर निघून गेल्यावर मी मान न हलवता पडून राहिले आणि कडेचं बघत राहिले. सलाईनचा स्टँड, खिडकीचा गज, स्टुलावर बसलेल्या जाऊबाईंचा हिरवा पदर. त्या जपमाळ ओढत होत्या आणि मी बघतेय हे त्यांना कळलं नव्हतं.

मग तहानेचं प्रकरण सुरू झालं. शरीरात पाणी धरून ठेवणारा जो रस असतो, त्याचं काम ऑपरेशननंतर काही दिवस बिघडू शकतं. माझं बिघडलं. मी पाणी प्यायची आणि ते सगळं लघवीवाटे निघून जायचं, पुन्हा घसा कोरडा. किती प्यायले, किती गेलं, दोन्ही मोजायचं होतं. भांडं देणं, मापात ओतणं, नर्सला आकडा सांगणं, हे सगळं जाऊबाई करत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मी म्हणाले, "राहू द्या, वॉर्डातल्या मावशी करतील."

"गप पड," त्या म्हणाल्या. "लेकरायचं केलंच की न्हाई मी? तू तर तोंडानं सांगती तरी."

गोळी सुरू केल्यावर ते हळूहळू आटोक्यात आलं. बोळे काढले त्या दिवशी मात्र मी वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले. इतकं लांबलचक काही माझ्या नाकात होतं यावर अजूनही विश्वास बसत नाही. तपासणीचा अहवाल आला, गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता. थोडा भाग डावीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला होता, तो त्यांनी मुद्दाम सोडला होता. "त्याच्यावर लक्ष ठेवू," डॉक्टर म्हणाले. "तो काढायच्या हट्टापायी रक्तवाहिनीला धक्का लावण्यात अर्थ नाही."

घरी आल्यावर भेटायला माणसं आली. प्रत्येकाला जखम बघायची होती. बायका माझ्या केसांत बोटं घालून बघायच्या. "कुठं कापलं?" मी म्हणायची, "नाकातून केलं." त्या एकमेकींकडं बघायच्या. एक म्हातारी तर जाऊबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "फसवलं बाई तुमाला. टाकाच न्हाई." जाऊबाईंनी तिला सांगितलं, टाका आहे, पण मांडीला आहे. त्यावर म्हातारीचा उरलासुरला विश्वासही उडाला.

हळद शिजायला लागली होती. त्या दिवसांत आमच्या सगळ्या शिवारात तोच वास असतो, कपड्यांना, केसांना, पाण्यालासुद्धा. मी अंगणात बसून वाफ निघताना बघायची आणि मला कसलाच वास यायचा नाही. दूध करपून भांडं काळं होईपर्यंत मी शेजारी बसलेली असायची. भाकरी-पिठलं खाताना मऊ आहे, गरम आहे, तिखट आहे एवढंच कळायचं. नजर आली याचा आनंद मला होताच, पण त्या दिवसांत मी चिडचिडी झाले होते आणि कशामुळं ते कुणाला सांगता येत नव्हतं. एवढं मोठं दुखणं टळलं, वासाचं काय घेऊन बसलीस, असं कुणी म्हणालं असतं तर ते बरोबरच होतं.

वास तुटक तुटक परत आला. आधी रॉकेलचा, मग लसणाचा. काही वास वेगळेच झाले. कोथिंबीर मला आजही साबणासारखी लागते.

शाळेत गेले तेव्हा मुलांनी विचारलं, "मॅडम, मेंदू नाकातून बाहेर काढला का?" मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "मंग तर शिंकलं की पडन." मी म्हणाले, "म्हणूनच मला शिंकू देत नव्हते." त्या तासाला मराठीचा धडा राहूनच गेला.

आता डाव्या बाजूचं सगळं दिसतं. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक सावली आहे, ती राहणार असं सांगितलंय. स्कुटी मी पुन्हा चालवते, पण फाट्यावर थांबून मान पूर्ण वळवते. ग्रंथीचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही, म्हणून सकाळी उठल्यावर थायरॉईडची आणि दुसरी एक गोळी घ्यावी लागते, कायमची. आजारी पडले तर ती दुसरी वाढवायची असते, आणि ते जाऊबाईंना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आमचं दोघींचं फार गोड झालंय असं नाही. अंगणातल्या नळावरून गेल्याच महिन्यात वाजलं आणि दोन दिवस अबोला होता. फरक एवढाच की आता अबोला धरायचा असला तर त्या आधी माझ्या समोर येऊन उभ्या राहतात आणि मग तोंड फिरवतात.

दरवर्षी एमआरआय असतो. यंदाही त्याच सोबत आल्या, त्यांना स्वतःचे डोळेही दाखवायचे होते. माझा राहिलेला तुकडा जिथल्या तिथं आहे, वाढलेला नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी तारीख दिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "हे पन नाकातूनच करत्यात का?" डॉक्टर हसले आणि नाही म्हणाले. त्या जरा नाराज झाल्या. मग बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि गावाकडं जायला वसमतच्या गाडीची चौकशी करायला गेलो.