फुलपाड्याच्या भिंतीवरच्या टिकल्या

रिपोर्टरच्या खिशात छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साठतं. माझा खिसा तीस वर्षांचा आहे. त्यातला निम्मा गाळ सरकारी खुलाशांचा, आणि उरलेल्यातलं बरंचसं आमच्या प्रज्ञाचं. ही मूळची पापडी गावची. एव्हरशाईन सिटीत राहते, मुंबईत डिझाईन कॉलेजात शिकवते आणि आकड्यांची चित्रं काढते. परदेशात तिची प्रदर्शनं लागतात. इथे ती अजून ‘चित्रकलेच्या बाई’च आहे.

* * *

पापडीच्या वाडीत केळीला पाणी सोडता सोडता तिच्या काकांनी एकदा विचारलं, तू नक्की करतेस काय? लोकांना नुसते आकडे वाचून कळत नाहीत, म्हणून मी त्यांची चित्रं काढते, असं तिने बराच वेळ समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“आणि ज्यांना कळतात, पण कळून घ्यायचं नसतं, त्यांच्यासाठी काय काढतेस?”

* * *

आमची सोसायटी एकच. कुठल्या विंगची लिफ्ट किती वेळा बंद पडली, याचा तक्ता प्रज्ञाने मीटिंगमध्ये लावला. सी विंगचा खांब सगळ्यात उंच. सेक्रेटरी सी विंगचेच. ते उभे राहिले आणि अभिमानाने म्हणाले, “बघा, इथेही आपणच पुढे!”

टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांची नावं माझ्याकडे लिहिलेली आहेत.

* * *

फुलपाड्यातल्या एका इमारतीला दिवसचे दिवस पाणी येत नव्हतं. पालिकेच्या पाणीखात्यातल्या साहेबांच्या रजिस्टरात मात्र रोज पाणी सोडल्याची नोंद! मी चिडून बातमी केली. सोबत प्रज्ञाने महिन्याचं कॅलेंडर काढून दिलं: पाणी आलं तो चौकोन निळा, नाही आलं तो कोरा. खालच्या दोन ओळी तर पूर्ण कोऱ्या.

सकाळी पेपर उघडला. पान लावणाऱ्याला एवढी रिकामी जागा बघवली नव्हती. तिथे त्याने पाण्याच्या टाकीची जाहिरात बसवली होती.

संपादकांच्या केबिनमध्ये मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. प्रज्ञा एवढंच म्हणाली, “आता भिंतीवर करू. तिथे जाहिरात लागली तर फाडता तरी येते.”

* * *

त्या इमारतीच्या जिन्यात तिने तारखांचे चौकोन आखले. तळमजल्यावरच्या सुलभामावशींनी कारभार हाती घेतला. पाणी आलं की त्या तारखेवर निळी टिकली, नाही आलं तर चौकोन मोकळा.

त्याच सुमारास प्रज्ञाची प्रोफेसरपदाची मुलाखत झाली. समितीने विचारलं, हे काम प्रसिद्ध कुठे झालं? ती म्हणाली, फुलपाड्यात, जिन्यात. मग तज्ज्ञ म्हणून ते तपासलं कोणी?

“सुलभामावशींनी. चुकीची टिकली त्या नखाने काढतात.”

बढती पुढच्या वर्षावर गेली. मी समितीवर लिहिणारच होतो. तिने शपथ घातली.

* * *

अखेर साहेब पाहणीला यायला तयार झाले. पाणी येत नाही हे त्यांनी भिंत बघून मान्य केलं, तरच इमारतीला वेगळी लाईन मिळणार होती.

मी आणि प्रज्ञा पोहोचलो, तर भिंत झगमगत होती. साहेब येणार आणि भिंत अर्धी बोडकी, बरं दिसतं का, म्हणून मावशींनी सकाळीच सगळे मोकळे चौकोन लाल टिकल्यांनी भरून टाकले होते. महिनोन् महिने जपलेली मोकळी जागा, एकसुद्धा शिल्लक नव्हती. प्रज्ञा पायरीवरच बसली.

तेवढ्यात साहेब आले, काखेत रजिस्टर. भिंत बघून खूश. रोजच्या रोज पाणी दिसतंय की, म्हणाले, आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. मग जरा पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, हे दोन रंग कशाला?

मावशींनी प्रज्ञाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

“निळं ते आमच्या नळाला आलेलं, साहेब. लाल ते तुमच्या रजिस्टरात आलेलं.”